माझा टर्न

आमच्या कुटुंबात गेले सात महिने एक डाव चालू आहे. खेळाडू चार. बडेभाई दोह्यात, मंझलेभाई बर्मिंगहॅमला, बडेभाईंचा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आणि मी चिपळूणला. एकाचा टर्न खेळून झाला की पुढच्याला निरोप जातो. पुढचा आपल्या सवडीने लॅपटॉप उघडतो, खेळतो आणि डाव तिसऱ्याकडे सरकवतो. बहुतेक दिवसांत एक फेरी होते. कुणाची नाइट शिफ्ट असेल, कुणाच्या घरी पाहुणे असतील तर दोन-तीन दिवस लागतात. सध्या १३१ वी फेरी चालू आहे आणि पूर्ण डाव पाचशे फेऱ्यांचा. "तो संपेपर्यंत तू रिटायर होशील," असं आमचे हे म्हणतात. मी हायस्कूलला भूगोल शिकवते, आणि मला अजून बारा वर्षं नोकरी आहे.

खेळाचं नाव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोघा अमेरिकनांनी १९९१ साली त्याचा पहिला भाग आणला. आम्ही खेळतो तो सहावा, २०१६ सालचा. ज्या बहिणींनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. षटकोनी घरांचा एक मोठा नकाशा असतो, मधमाशीच्या पोळ्यासारखा. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तुमच्याकडे वस्ती वसवणारी एक टोळी आणि एक लढवय्या, एवढंच असतं. तिथून शहरं वसवायची, शेतं काढायची, लिहायला शिकायचं, घोडे पाळायचे, जहाजं बांधायची आणि जमलं तर चंद्रापर्यंत पोहोचायचं. सुरुवातीला एका टर्नात चाळीस वर्षं सरतात. म्हणजे मी भाजी फोडणीला टाकून उठेपर्यंत दीड पिढी संपलेली असते.

हा डाव भाच्याने सुरू केला. अब्बा गेल्यावर आम्हा भावंडांच्या ग्रुपवर 'जुम्मा मुबारक'च्या चित्रांपलीकडे काही येत नव्हतं. बडेभाई आणि मंझलेभाई एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्याशी दोघे बोलत, पण तब्येत आणि पाऊस एवढंच. भाच्याने कुणाला काही न विचारता चौघांसाठी खेळ घेतला आणि लिहिलं, 'फुफी, तू नकाशे शिकवतेस, तू पहिली.' धर्माच्या प्रसारावर डाव जिंकण्याचा एक पर्याय या खेळात असतो, तो आम्ही सुरुवातीलाच बंद करून टाकला. ज्या गोष्टीसाठी माणसं मनापासून झुकतात तिचे गुण मोजत बसणं आमच्यापैकी कुणालाच आवडलं नाही. त्या एका बाबतीत दोघा भावांचं लगेच एकमत झालं, हीसुद्धा त्या दिवसांतली मोठीच गोष्ट होती.

प्रत्येकाने आपापलं राष्ट्र निवडलं. बडेभाईंनी उस्मानी तुर्कांचा सुलतान सुलेमान घेतला, मंझलेभाईंनी राणी व्हिक्टोरियाचं इंग्लंड. मीठ खाल्लंय म्हणाले. भाच्याकडे चंद्रगुप्त मौर्य आहे. त्याच्या फौजेत हत्तींचं एक पथक असतं आणि खेळात त्या हत्तीला 'वारू' म्हणतात. मराठी माणसाला वारू म्हटलं की घोडा दिसतो. 'भाच्याचे वारू आले' असा निरोप आला तेव्हा मी घोडदळाला तोंड द्यायच्या तयारीने बसले होते आणि समोर हत्ती!

मी मालीचा मन्सा मूसा निवडला. नववीच्या मुलांना नकाशांचा इतिहास सांगताना मी १३७५ सालचा कॅटलान नकाशा दाखवते. त्यात सहारा वाळवंटाच्या खालच्या अंगाला हा काळा राजा हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला आहे. १३२४ साली तो हजला निघाला तेव्हा वाटेत कैरोला त्याने इतकं सोनं वाटलं आणि खर्चलं की तिथे सोन्याचा भावच उतरला. काही वर्षांनी कैरोला आलेल्या अल-उमरीने ते लिहून ठेवलं आहे. परतल्यावर त्याने तिंबक्तूला मातीची मोठी मशीद बांधवली, ती आजही उभी आहे. खेळ करणाऱ्यांनी हा स्वभाव बरोबर पकडला आहे. मालीला सोनं भरपूर मिळतं, पण इमारत बांधायची किंवा सैनिक तयार करायचा तर त्याचा वेग इतरांपेक्षा तीस टक्के कमी. पैसा हातात आणि वेळ कधीच नाही. नोकरी करणाऱ्या बाईला हे राज्य चालवायला वेगळं शिकावं लागत नाही.

आता टर्न कसा ठरवायचा ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे. भाचा पाच मिनिटांत खेळून मोकळा होतो. मला पाऊण तास लागतो, आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटं मी माऊसला हातच लावत नाही. शंभर पानी वही घेऊन बसते. काल काय होतं, आज काय बदललं, ते लिहिते. तुम्ही न पाहिलेला प्रदेश या खेळात झाकलेला असतो. आणि एकदा पाहून पुढे गेलेला प्रदेश जुन्या पिवळट नकाशासारखा दिसतो. डोंगर, नदी, किनारा कळतो, पण आज तिथे कोण उभं आहे ते कळत नाही. हे मला फार खरं वाटतं. दोह्याची बडेभाईंची खोली मी पंधरा वर्षांपूर्वी पाहिली होती. माझ्या डोक्यात ती तशीच आहे, पिवळट.

मग क्रम. आधी टेहळ्याला हलवायचं, बाकी कुणाला नाही. त्याने दोन घरं पुढे जाऊन जे दाखवलं त्यावरून उरलेला सगळा बेत बदलू शकतो; फौज आधी हलवली आणि टेहळ्या नंतर, तर ते पेपर लिहून झाल्यावर प्रश्न वाचण्यासारखं. लढाई असेल तर दुरून मारणारे आधी, भिडणारे नंतर. त्यानंतर शहरं. प्रत्येक माणसाला दोन घास अन्न लागतं, मग किती माणसं शेतावर आणि किती खाणीवर, हे शहरागणिक बघायचं. नवी वस्ती पाठवायची तर शहरातलं एक माणूस कमी होतं. गावातून गल्फला गेलेल्या माणसांच्या कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

सोनं मी सगळ्यात शेवटी खर्चते. बाकी सगळ्या गोष्टींना वेळ लागतो. सोन्याने मात्र तिथल्या तिथे माणूस उभा राहतो. म्हणून सगळं पाहून झाल्यावर, जिथे फट राहिली असेल तिथे. पण तटबंदी सोन्याने विकत घेता येत नाही. ती बांधावीच लागते, दगडावर दगड, आणि मालीला तर इतरांहून जास्त टर्न. हे मला पन्नासाव्या फेरीला कळलं तेव्हापासून माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात 'तट?' असं लिहिलेलं असतं.

एका निर्णयाला मात्र मी चार दिवस घेतले. दुसरं शहर कुठे वसवायचं? सगळ्यात चांगली जागा नदीकाठी होती. वाळवंटातून वाहणारी नदी, दोन्ही अंगांना गाळाची जमीन. २०१९ साली या खेळाला जी भर घातली गेली तिच्यात नद्यांना पूर येतो. पूर शेतं मोडतो, कधी माणसंही नेतो, पण गाळ टाकून जातो आणि पुढे ती जमीन जास्त पिकते. धरण बांधता येतं, पण ते पुष्कळ उशिरा. भाचा म्हणाला, "फुफी, सरळ फायद्याचा सौदा आहे, बस तिथे." त्याच्या दृष्टीने आहेच. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि खालच्या दुकानांच्या शटरच्या वरून पाणी जाताना पाहिलं. नंतर जे राहिलं त्याला कुणी गाळ म्हणून सुपीक म्हणत नव्हतं. आम्ही तो फावड्याने काढत होतो, आठवडाभर. शेवटी शहर मी नदीपासून एक घर सरकवून टेकाडावर वसवलं. पीक थोडं कमी. भाच्याने डोक्यावर हात मारला. त्या नदीला पुढे दोन पूर आले, माझं एक शेत गेलं आणि शहर कोरडं राहिलं. टेकाडावर बसल्याने माझी वाढ मात्र मागे पडली, तेही खरं.

आता १३१ व्या टर्नाकडे येते.

माझ्या पूर्वेला नदीपलीकडे बडेभाईंचं राज्य आहे. दोन खेळाडूंनी मैत्री जाहीर केली की तीस टर्न एकमेकांवर चढाई करता येत नाही. आमची मैत्री शंभराव्या टर्नाच्या सुमारास झाली होती आणि ती नुकतीच संपली होती. टेहळ्या टेकडीवर चढवला तर समोर बडेभाईंचं किनाऱ्यावरचं शहर. त्याला तट नाही. आत एकही सैनिक नाही. सगळी फौज, सगळे कॅटापल्ट उत्तरेला, स्वतःच्या मुलाच्या हत्तींशी लढायला गेलेले. आणि माझ्याकडे तीन मांडेकालू घोडदळं होती, मालीची खास, एका टर्नात चार घरं धावणारी. हिशेब केला. दोन टर्नांत शहर माझं. फौज परत यायला त्यांना किमान पाच टर्न लागले असते.

माझ्या टर्नात सगळ्यात जास्त वेळ जातो तो समोरच्याच्या खुर्चीत बसून पाहण्यात. तो काय करील असं विचारायचं नाही. त्याला काय दिसतंय असं विचारायचं. मी वहीत एक पान बडेभाईंच्या नावाने काढलं. उत्तरेला हत्ती, तिकडे फौज हवी, बरोबर. समुद्राकडून मंझलेभाईंची जहाजं येऊ शकतात म्हणून दक्षिणेच्या बंदरात दोन पथकं ठेवलेली, तेही बरोबर. आणि पश्चिमेला मी. मैत्रीची मुदत कधी संपते ते त्यांनाही पडद्यावर दिसतं. बडेभाई तीस वर्षं हिशेबाच्या खात्यात काम करणारा माणूस. आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तरी पश्चिमेला काही नाही.

त्यांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून असेल, असं मी आधी लिहिलं. मग मंझलेभाईंचं पान काढून पाहिलं. त्यांच्यावरही बडेभाईंचा अविश्वास नव्हता, शंभर टर्नांत त्यांनी एक बाण मारलेला नाही, तरी त्यांच्यासाठी दोन पथकं होती. म्हणजे हा विश्वासाचा मामला नव्हता. पश्चिमेला कुणी चाल करणारं माणूस आहे, हेच त्यांनी धरलेलं नव्हतं. तिथे एक सपाट, शांत प्रदेश होता, आणि त्याचं नाव धाकटी बहीण.

हे लिहिलं आणि वही मिटली, कारण त्याच आठवड्यात दोह्याहून मला एक कागद आला होता.

आमचं गावचं घर खाडीकाठी आहे. ओटी, माजघर, मागे विहीर आणि दोन फणस. अब्बांच्या मागे दोन मुलगे आणि एक मुलगी; अम्मी आधीच गेली. शरीयतप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, म्हणून घराचे पाच भाग: दोन, दोन आणि एक. यात गुंतागुंत काही नाही, पाचवीच्या मुलालाही जमेल. तरी आमच्या भागात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते फक्त आपल्याच समाजात होतं असंही नाही. बहिणीने हक्कसोड पत्रावर सही करायची असते. माहेरपण टिकतं म्हणतात. कागद मोबाइलवर आला होता, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली होती. सोबत एकच ओळ: 'पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा रजिस्टर करून टाकू.' करशील का, असं नाही. रागही नव्हता त्यात, आणि लबाडी तर मुळीच नाही. माझ्या शिक्षणाची फी बडेभाईंनी भरली आहे, माझ्या लग्नात त्यांनी कर्ज काढलं आहे. घर दुरुस्त करून तिथे राहायला यायचं त्यांच्या मनात आहे. मंझलेभाईंशी बोलणं तुटलं तेही या घरावरूनच, कारण त्यांना विकायचं आहे. त्या दोघांच्या भांडणात दोघांनीही एकमेकांसाठी पथकं ठेवली होती. माझ्या बाजूला फक्त फुली.

त्या टर्नाला मी तीन रात्री लावल्या. भाचा ग्रुपवर प्रश्नचिन्हं टाकत होता.

शहर घेतलं नाही. बडेभाईंची मुरवत हे त्याचं कारण नव्हे, खेळात मुरवत करणाऱ्याशी कुणी खेळू नये. घेतलं असतं तर ते टिकवावं लागलं असतं. जिंकलेल्या शहरातली माणसं आजूबाजूच्या आपल्या लोकांकडे ओढली जातात आणि काही टर्नांत बंड करून उठतात. शिवाय अचानक युद्ध पुकारलं की हा खेळ समोरच्याच्या खात्यावर गाऱ्हाणी मांडून ठेवतो, आकड्यांत. शांतता राहिली तर टर्नागणिक ती थोडी थोडी कमी होत जातात. खेळातली गाऱ्हाणी असल्याने कमी होतात.

मी केलं ते असं. टेहळ्याला टेकडीवरच ठेवलं. मैत्री पुन्हा जाहीर केली नाही. तिन्ही घोडदळं नदीच्या अलीकडे, माझ्याच हद्दीत, पण अगदी काठावर ओळीने उभी केली. त्यांच्या सीमेवरून ती स्पष्ट दिसतात. मग त्याच शहराकडे एक व्यापारी तांडा लावून दिला, कारण तो मार्ग मला फायद्याचा होता आणि त्यांनाही. राजधानीत तटबंदीचं काम काढलं. उरलेलं सोनं खर्चलं नाही. टर्न संपवण्याचं बटण दाबलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते, दोह्यात सव्वानऊ.

दहा मिनिटांत फोन आला. कित्येक महिन्यांनी बडेभाईंनी स्वतःहून केलेला, व्हिडिओ.

"हे काय उभं केलंयस नदीवर?"

"घोडे," मी म्हटलं.

"ते दिसतंय. कशासाठी?"

"तुमच्या शहरात कुणी नाही म्हणून."

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी नकाशा उघडला असावा, कारण चष्म्यात हिरवं-पिवळं चमकत होतं. मग म्हणाले, "घेतलं का नाहीस?" मी कारणं सांगितली, वर लिहिली तीच. त्यांनी एकेक ऐकून घेतलं आणि एका जागी मला दुरुस्तही केलं: त्यांची फौज पाच नव्हे, सात टर्नांनी पोहोचली असती, कारण मधली नदी मी मोजली होती, डोंगर नव्हता. मग मी म्हटलं, "बडेभाई, तो कागद वाचला. सही करणार नाही. माझा पाचवा भाग आहे, तो राहू दे. घर विकायचं नाही यात मी तुमच्या बाजूची आहे. पण ते मला विचारून ठरेल."

पलीकडून बराच वेळ पंख्याचा आवाज येत होता. "भाभीला बोलाव का?" मी विचारलं. "नको," ते म्हणाले, "मी विचार करतोय." मग उद्या ड्युटी आहे म्हणून फोन ठेवला.

हा लेख पाठवण्याआधी मी तो त्यांना वाचायला दिला आहे, हे इथे सांगून टाकते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की घराचं लिहायचं तर लिही, पण माझे कॅटापल्ट किती आहेत ते छापू नकोस, भाचा मासिक वाचतो. म्हणून आकडा दिलेला नाही.

त्यानंतर चार दिवस डाव त्यांच्याकडेच होता. मंझलेभाईंनी मला वेगळं विचारलं, भांडलीस का? मी म्हटलं, नाही, त्यांचा टर्न आहे. पाचव्या दिवशी फजरनंतर मोबाइल पाहिला तर फेरी पूर्ण होऊन डाव माझ्याकडे आला होता. लॅपटॉप उघडला. व्यापारी तांडा सुखरूप पोहोचला होता. किनाऱ्यावरच्या शहरात एक क्रॉसबोवालं पथक आलेलं होतं, विकत घेतलेलं, आणि शहराभोवती तटाचं काम निघालं होतं. माझ्यासमोर एक प्रस्तावही ठेवलेला होता: तीस टर्नांची मैत्री, आणि वर त्यांच्याकडचे घोडे माझ्या सोन्याच्या बदल्यात. भाव थोडा चढा आहे. कागदाबद्दल काही आलेलं नाही, फक्त गावच्या घराचं मोजमाप पाठव, पडवीसकट, असं ग्रुपवर लिहिलंय. ग्रुपवर, म्हणजे मंझलेभाईंनाही दिसेल असं.

रविवारी टेप घेऊन गावाला जायचं आहे. प्रस्तावाला मी अजून हो म्हटलेलं नाही. भाव उतरवून परत पाठवते आहे, आणि राजधानीच्या तटाला अजून चार टर्न लागणार आहेत.